पक्षाघातानंतर मेंदूतील दाह कमी करता येतो का, आणि करावा का?

तुमच्या वडिलांना, वयाच्या ६२ व्या वर्षी, पाच आठवड्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या भागातील रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन पक्षाघात झाला. उजवा हात अजून उचलत नाही, पाय आधाराने भार घेऊ लागला आहे आणि बोलताना शब्द सापडत नाहीत. ‘मेंदूला सूज आहे, ती उतरली की सुधारणा दिसेल’ असे रुग्णालयात सांगितले गेल्यापासून तुम्ही ती सूज उतरवणारे औषध शोधत आहात. स्टेरॉइड का दिले नाही, मानेच्या मागे देण्यात येणारे एटानरसेप्टचे (मूळ संधिवातावरील औषधाचे) इंजेक्शन घ्यावे का आणि दाह कमी करणाऱ्या पूरक गोळ्या सुरू कराव्यात का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. तिन्हींचे उत्तर जवळजवळ ‘नाही’ असेच आहे. परंतु ते तसे का आहे हे उमगले नाही, तर चौथे औषध शोधण्यात आणखी पाच आठवडे जातील, आणि पुनर्वसनाच्या दृष्टीने हे आठवडे फार मोलाचे आहेत. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. ‘सूज’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे मेंदूत पाणी साचून तो फुगणे. कवटी ही सर्व बाजूंनी बंद असल्यामुळे हे फुगणे जिवावर बेतू शकते. ते साधारणपणे दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत सर्वाधिक असते आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ओसरते. अतिदक्षता विभागात मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे द्रावण शिरेतून दिले जाते ते या सुजेसाठी, आणि मोठ्या पक्षाघातात कवटीचा तुकडा काही काळ काढून ठेवतात तोही याचसाठी. तीन युरोपीय चाचण्यांच्या २००७ मधील एकत्रित विश्लेषणात, साठीपर्यंतच्या रुग्णांवर ही शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत केल्यास वर्षअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेलेले दिसले. दुसरी गोष्ट म्हणजे दाह, अर्थात इजा झालेल्या जागी रोगप्रतिकार यंत्रणेच्या पेशींनी सुरू केलेली हालचाल. तिचा पाण्याशी संबंध असतो, पण ती म्हणजे पाणी नव्हे; नेहमीच्या सीटी स्कॅनवर ती दिसत नाही, आणि ती आठवडे नव्हे तर महिनोन्‌महिने चालू राहू शकते. तुमच्या वडिलांची पहिली सूज पाचव्या आठवड्यात जवळजवळ नक्कीच ओसरलेली आहे. डॉक्टरांनी ते वाक्य पहिल्या आठवड्यात उच्चारले असेल तर ते बरोबर होते. आज त्याच्या भरवशावर वाट पाहत बसणे बरोबर नाही.

आता दाहाकडे वळू. मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार मिळाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला होता. मरणाऱ्या पेशी फुटतात तेव्हा त्यांच्या आत राहायला हवीत अशी द्रव्ये बाहेर सांडतात, आणि रोगप्रतिकार यंत्रणेला ती जंतूंइतकीच धोक्याची वाटतात. मेंदूत एरवी राखणदारी करणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी अल्पावधीतच आपले रूप बदलतात आणि इंटरल्यूकिन-१, टीएनएफ-अल्फा यांसारखी संदेशद्रव्ये सोडू लागतात. त्या संदेशांमुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर चिकट होते, रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे अडकतात आणि मेंदूत शिरतात; त्यांची गर्दी पहिल्या एक ते तीन दिवसांत सर्वात दाट असते. मेटॅलोप्रोटिनेज-९ हे एन्झाइम रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडथळ्याची वीण उसवते. मृत भागाच्या कडेला एक पट्टा असा असतो, जो रक्ताअभावी निपचित पडलेला असतो पण मेलेला नसतो. या दाहाचा मोठा फटका त्या पट्ट्याला बसतो. म्हणजे पहिल्या दिवसांतील दाह नुकसान वाढवतो, ही तुमची समजूत चुकीची नाही.

परंतु गोष्ट येथे संपत नाही, आणि बहुतेक जाहिराती मात्र येथेच थांबतात. पहिला आठवडा उलटू लागला की त्याच मायक्रोग्लिया आणि रक्तातून आलेल्या भक्षकपेशी मेलेल्या पेशींचा चुरा गिळून जागा साफ करू लागतात. दाह आवरणारी इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही द्रव्ये तयार होतात, नव्या केशवाहिन्या फुटण्यास आणि चेतापेशींच्या नव्या जोडण्या रुजण्यास मदत करणारे वाढघटक सोडले जातात. मेटॅलोप्रोटिनेज-९ चे उदाहरण मला सर्वात बोलके वाटते. उंदरांवरील प्रयोगांत हे एन्झाइम पहिल्या दिवशी रोखले तर मेंदूतील मृत भाग लहान राहतो. तेच साधारण आठवड्यानंतर रोखले तर रक्तवाहिन्यांची पुनर्बांधणी अडते आणि प्राण्याची अवस्था अधिक वाईट होते. पदार्थ एकच, केवळ दिवस बदलला. म्हणून ‘दाह कमी कसा करावा’ या प्रश्नाला ‘आज कितवा दिवस आहे’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. याचा अर्थ उशिराचा दाह नेहमी हितकारकच असतो असा नव्हे. मृत भागापासून दूर, तेथून निघालेले चेतातंतू जेथून जातात त्या वाटेवर, काही महिन्यांनंतरही मायक्रोग्लिया जागृत असल्याचे पॉझिट्रॉन चित्रणात (पेट स्कॅनमध्ये) आढळले आहे, आणि पक्षाघातानंतर उशिरा होणाऱ्या विस्मरणाशी त्याचा संबंध असावा अशी रास्त शंका आहे. मात्र त्यातील उपयोगी भाग राखून अपायकारक भाग तेवढा वेगळा काढणारे औषध आज कोणाकडेही नाही.

ही नुसती सैद्धांतिक सावधगिरी नाही. तिची किंमत रुग्णांनी मोजलेली आहे. न्यूट्रोफिलांना रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटू न देणारे एन्लिमोमॅब हे प्रतिपिंड प्राण्यांत उत्तम ठरले होते. ६२५ रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा औषध घेतलेल्यांत मृत्यू अधिक होते, अपंगत्व अधिक होते, शिवाय ताप आणि जंतुसंसर्गही अधिक होते. ते प्रतिपिंड उंदराच्या प्रथिनापासून बनलेले असल्याने मानवी शरीराने त्यालाच शत्रू मानले, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. त्यानंतर न्यूट्रोफिलांना वेगळ्या मार्गाने रोखणारे औषध ९६६ रुग्णांवर तपासले गेले, त्याचा उपयोग झाला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू व मज्जारज्जूच्या दाहविकारात प्रभावी ठरलेले नॅटॅलिझुमॅब दोन चाचण्यांत अयशस्वी ठरले. इंटरल्यूकिन-१ ला अडवणारे औषध पक्षाघातानंतर लगेच टोचले असता रक्तातील दाहाचे आकडे खरोखर उतरले, परंतु तीन महिन्यांनी रुग्णांची अवस्था सुधारलेली नव्हती. हा शेवटचा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण ‘आमच्या उपायाने सीआरपी (रक्तातील दाहाचे एक मोजमाप) निम्म्यावर आला’ असे सांगणारा माणूस तुम्हाला लवकरच भेटेल. रक्तातला आकडा उतरणे आणि हात उचलला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आशेला मुळीच जागा नाही असे मी म्हणत नाही. मिनोसायक्लिन हे जुने, स्वस्त प्रतिजैविक मायक्रोग्लियांना शांत करते. चीनमध्ये १,७०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये मांडले गेले, त्यात पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण सावरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांनी अधिक होते. पण तेथे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू केले होते आणि अवघे काही दिवस दिले होते. पाचव्या आठवड्यात ते सुरू करण्याला कोणताही आधार नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण हे औषध औषधाच्या दुकानात सहज मिळणारे आहे.

स्टेरॉइडचा प्रश्न. मेंदूतील गाठीभोवती (ट्यूमरभोवती) साचलेले पाणी स्टेरॉइडने झपाट्याने उतरते, त्यामुळे पक्षाघातातही ते उतरेल असे वाटणे स्वाभाविक आहे आणि एकेकाळी डॉक्टरांनाही तसे वाटत होते. मात्र गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात पाणी आधी पेशींच्या आत शिरते, कारण पेशींचा ऊर्जापुरवठा तुटलेला असतो. त्या सुजेवर स्टेरॉइड चालत नाही. उलट रक्तशर्करा वाढते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो, जठरात रक्तस्राव होऊ शकतो. डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांवरील चाचणीत तर स्टेरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांतील मृत्यू १८ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेले आणि अनेक दशकांची रूढ पद्धत बंद पडली. पक्षाघाताच्या बाबतीत एक अपवादात्मक धागा आहे. नळीने गुठळी काढताना अल्प मात्रेत मिथाइलप्रेडनिसोलोन तीन दिवस दिल्यास काय होते, हे १,६८० रुग्णांवर तपासले गेले आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आले: अपंगत्वाच्या एकूण प्रमाणात फरक पडला नाही, मृत्यू आणि मेंदूतील रक्तस्राव मात्र काहीसे कमी होते. पुढील चाचण्यांतून याचे काय ते ठरेल. तुमच्या वडिलांना स्टेरॉइड दिले नाही यात हलगर्जीपणा झालेला नाही, एवढे मी निःशंकपणे सांगू शकतो.

एटानरसेप्टविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तुमच्यासारख्या कुटुंबांची जमवलेली पुंजी या एका इंजेक्शनापायी जाताना मी पाहिली आहे. हे औषध टीएनएफ या संदेशद्रव्याला बांधून ठेवते आणि संधिवातावर १९९८ पासून वापरात आहे. त्याचा रेणू एवढा मोठा आहे की तो रक्तातून मेंदूत सहजी जात नाही. म्हणून मानेच्या मागे टोचून रुग्णाला काही मिनिटे डोके खाली करून ठेवायचे, म्हणजे औषध तेथील शिरांच्या जाळ्यातून मेंदूपर्यंत पोहोचते, असा या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. इंजेक्शननंतर काही मिनिटांत हात उचलणाऱ्या रुग्णांच्या चित्रफिती तुम्ही पाहिल्या असतील. त्या खोट्याच असतात असे मी म्हणणार नाही. खूप खर्च करून, दूरचा प्रवास करून, सगळे नातेवाईक भोवती उभे असताना माणूस जी शिकस्त करतो ती एरवी करत नाही, आणि शिकस्त केली की थोडे अधिक जमते. हे गृहीत धरूनच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एक नीट चाचणी घेतली गेली, ज्यात काहींना औषध आणि काहींना नुसते द्रावण त्याच पद्धतीने टोचले आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नव्हते व तपासणाऱ्यालाही नव्हते. महिनाभरानंतर दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक रुग्णांनी आपण सुधारलो असे नोंदवले, आणि औषधाचा गट पुढे नव्हता. म्हणजे चित्रफितीत दिसणारी सुधारणा द्रावणानेही होते. शिवाय टीएनएफ निव्वळ शत्रू नाही. निरोगी मेंदूत चेतापेशींच्या जोडण्यांचा जोर कमी-अधिक करण्याचे काम तो करतो, आणि शरीरात दडलेला क्षयरोग दाबून ठेवण्यातही त्याचा वाटा असतो. हे इंजेक्शन घेऊ नका.

मग दाहाबाबत काहीच करायचे नाही का? करायचे आहे, आणि ते बरेच आहे. फक्त ते औषधाच्या कुपीत नाही. दाह विझवण्याचे साधन आपल्याजवळ नसले तरी त्याला मिळणारे सरपण काढून घेणे आपल्या हातात आहे, आणि जेथे हे काटेकोरपणे केले गेले तेथे मिळालेले यश वर सांगितलेल्या कोणत्याही दाहविरोधी औषधापेक्षा मोठे आहे. ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात कक्षांत परिचारिकांना केवळ तीन गोष्टींची शिस्त लावून दिली गेली: ताप तपासून ३७.५ अंश सेल्सिअसला लगेच उपाय करणे, रक्तशर्करेवर लक्ष ठेवणे, आणि गिळण्याची तपासणी झाल्याखेरीज तोंडाने काहीही न देणे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या कक्षांत ५८ टक्के होते, तर या कक्षांत ४२ टक्के. एकही नवे औषध नव्हते. गंमत अशी की याच गोष्टींचा अतिरेक केल्यास लाभ वाढत नाही. ताप नसताना सर्वांना पॅरासिटामॉल देणे, संसर्ग नसताना सर्वांना प्रतिजैविक देणे, इन्सुलिनने शर्करा फार खाली ओढणे, हे सर्व मोठ्या चाचण्यांत निष्फळ ठरले आहे. लक्ष ठेवून वेळेवर हात घालणे हाच उपचार आहे.

यामागचे कारण समजून घ्या, कारण ते तुमच्या घरातल्या परिस्थितीलाही लागू आहे. मोठ्या पक्षाघातानंतर मेंदूत दाह पेटलेला असताना उर्वरित शरीराची रोगप्रतिकारशक्ती मात्र खालावते. रक्तातील लसिकापेशी कमी होतात. बहुधा मेंदूला स्वतःवरील हल्ला थोपवायचा असतो, पण त्याची किंमत फुप्फुसे मोजतात. त्यातच गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात. अन्नाचा किंवा पाण्याचा कण श्वासनळीत गेला की न्यूमोनिया होतो, न्यूमोनियामुळे ताप येतो, रक्तात दाहाची द्रव्ये वाढतात, आणि ती मेंदूतील आधीच चाळवलेल्या मायक्रोग्लियांना पुन्हा भडकवतात. म्हणून पाचव्या आठवड्यातही पुढील बाबी मी दाहाचाच उपचार मानतो. जेवताना वडिलांना ताठ बसवा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका. पाणी पिताना ठसका लागतो का, किंवा घोट घेतल्यावर आवाज ओला, घोगरा होतो का, याकडे लक्ष द्या. तसे असल्यास स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी पुन्हा करून घ्या. कित्येकांना कण आत जाऊनही खोकला येत नाही, त्यामुळे वारंवार येणारा हलका ताप हीच एकमेव खूण असू शकते. दिवसातून दोनदा दात आणि जीभ स्वच्छ करा, कारण श्वासनळीत जाणारे जंतू तोंडातलेच असतात. लघवीची नळी अजून असेल तर ती कधी काढणार हे प्रत्येक भेटीत विचारा. पाठ, नितंब आणि टाचा रोज पाहा, तेथील लालसरपणा दाबल्यावर जात नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे.

येथे एक अनुभव सांगतो. माझ्या एका रुग्णाची चालण्यात चांगली प्रगती झाली होती आणि चौथ्या महिन्यात एके सकाळी पाय पुन्हा लुळा पडला. घरच्यांना दुसरा झटका आला असे वाटले, मलाही वाटले. एमआरआयमध्ये नवे काहीही नव्हते. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, आणि त्यावर उपचार होताच सहा दिवसांत पाय पूर्ववत झाला. मेंदूने खराब झालेल्या भागाला वळसा घालून नवी वाट काढलेली असते, आणि ताप, संसर्ग, सोडियमची घट किंवा झोपेच्या काही गोळ्या यांमुळे ती वाट तात्पुरती बंद पडते. दाह आणि सुधारणा यांचे नाते इतके थेट दिसण्याचे प्रसंग क्वचितच येतात. मात्र नवी कमजोरी दिसली तर ती संसर्गामुळे आहे की दुसऱ्या झटक्यामुळे, हे घरी बसून ठरवू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा, कारण झटका असल्यास गुठळी विरघळवण्याची वेळमर्यादा मोजक्या तासांची आहे.

वेदनाशामकांबद्दल एक इशारा. ‘दाहविरोधी’ हा शब्द ज्या गोळ्यांच्या वर्णनात सर्रास असतो त्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, मेंदूतील दाहासाठी कामाच्या नाहीत आणि पक्षाघाताच्या रुग्णाला घातक ठरू शकतात. त्यांच्यामुळे रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर जठरात रक्तस्राव होऊ शकतो, आणि आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनचा गुठळीविरोधी परिणामच अडवू शकते. त्या बहुधा खांदादुखीसाठी घरात येतात. लुळ्या बाजूचा खांदा दुखणे अतिशय सामान्य आहे, आणि त्याचे एक कारण म्हणजे रुग्णाला उठवताना त्याच हाताला धरून ओढणे. हाताखाली उशीचा आधार ठेवा, उठवताना कमरेला किंवा पाठीला धरा, दुखलेच तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या. वडिलांना जे ॲस्पिरिन चालू असेल ते अल्प मात्रेतील असते आणि गुठळी होऊ नये म्हणून असते. त्याच्याकडून दाहशमनाची अपेक्षा नाही, आणि म्हणून ते मनाने वाढवू किंवा थांबवूही नये.

दाहाचा दुसरा, संथ अड्डा रक्तवाहिन्यांच्या भिंतींत असतो, जेथे चरबीचे थर साचतात आणि फुटतात. येथे स्टॅटिन हे औषध दुहेरी काम करते: कोलेस्टेरॉल घटवते आणि त्या थरांतील दाहही निववते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,७३१ रुग्णांच्या चाचणीत ८० मिलिग्रॅम अटोर्वास्टॅटिनमुळे सुमारे पाच वर्षांतील पुन्हा झटका येण्याचे प्रमाण १३.१ वरून ११.२ टक्क्यांवर आले. मेंदूतील रक्तस्राव किंचित वाढला, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते. कोल्चिसिन या जुन्या औषधाकडून बरीच आशा होती, परंतु २०२४ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी ८,३४३ रुग्णांच्या चाचणीत ते निष्फळ ठरले आणि ३,१५४ रुग्णांच्या चाचणीत दिसलेला फरक, औषधाविना ११.७ विरुद्ध औषधासह ९.८ टक्के, सांख्यिकीच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, मधुमेह असल्यास तो सांभाळणे, तंबाखू आणि धूम्रपान पूर्ण सोडणे हे तुम्ही अनेकदा ऐकले असेल, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. वडील झोपेत मोठ्याने घोरत असतील आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर ते मात्र आवर्जून डॉक्टरांना सांगा.

पूरक गोळ्यांविषयी थोडक्यात. हळदीतील कर्क्युमिन, माशांच्या तेलातील ओमेगा-३, निरनिराळी अँटिऑक्सिडंट यांनी पक्षाघातानंतर मेंदू लवकर सावरतो असे माणसांवरील भरवशाच्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. स्वयंपाकातील हळदीला कोणाचीच हरकत नाही. पण अर्क काढून दाट केलेल्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढवू शकतात. मेंदूला ‘बळ’ देणारे म्हणून विकले जाणारे सिटिकोलिनही २,२९८ रुग्णांच्या चाचणीत २०१२ मध्ये निष्फळ ठरलेले आहे. त्या पैशांत फिजिओथेरपीच्या जास्तीच्या बैठका घ्या.

आणि हाच आजच्या घडीचा मुख्य उपचार आहे. दुरुस्तीच्या टप्प्यातील पेशी जी अनुकूल स्थिती तयार करतात ती पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते, पण कोणती जोडणी टिकवायची आणि कोणती छाटायची हे मेंदू वापरावरून ठरवतो. दाहाने नांगरलेली ही जमीन आहे, तीत काय पेरायचे ते सरावाने ठरते. सराव कधी सुरू करावा याच्याही मर्यादा आहेत. २,१०४ रुग्णांवरील एका चाचणीत पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठवून चालवल्याने फायदा होण्याऐवजी थोडे नुकसानच झाले होते. पण तो काळ तुमच्या वडिलांनी केव्हाच ओलांडला आहे. आता आठवड्यातून तीन वेळा अर्ध्या तासाची फिजिओथेरपी मुळीच पुरेशी नाही. थेरपिस्टने शिकवलेली एक-दोन खरी कामे, म्हणजे पेला पकडणे, टॉवेल सरकवणे, खुर्चीतून उठणे, रोज शेकड्यांनी वेळा व्हायला हवीत, आणि बोलण्याचा सराव घरातल्या सर्वांनी रोज घ्यायला हवा. शब्द सापडत नसताना लगेच तो पुरवू नका, थोडे थांबा. व्यायामाने शरीरातील एकूण दाहही उतरतो, हा त्यातला वरचा लाभ.

वडील व्यायामाला नाही म्हणत असतील, सतत थकलेले किंवा हिरमुसलेले असतील, तर त्याला आळस समजू नका. पक्षाघातानंतर सुमारे तीनांपैकी एकाला नैराश्य येते, आणि त्यात दाहाच्या संदेशद्रव्यांचाही हात असावा. नैराश्यावर जरूर उपचार करा; मात्र नैराश्य नसताना केवळ हात सुधारावा म्हणून फ्लुओक्सेटिन देऊ नये. ११८ रुग्णांच्या चाचणीने २०११ मध्ये त्याबद्दल मोठी आशा निर्माण केली होती, ती ३,१२७ रुग्णांच्या २०१९ मधील चाचणीने फोल ठरवली, आणि औषध घेणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण अधिक दिसले.

पुढे काही महिन्यांनी हाताची प्रगती थबकली तर व्हेगस या चेतेला सरावाच्या वेळी सूक्ष्म विद्युत्‌स्पंद देणाऱ्या, छातीत बसवायच्या उपकरणाविषयी तुमच्या वाचनात येईल. ही चेता दाहही नियंत्रित करते, म्हणून त्याची जाहिरात त्या अंगाने होते. पण १०८ रुग्णांच्या २०२१ मधील चाचणीत जो फायदा दिसला, ६६ गुणांच्या मोजपट्टीवर २.४ ऐवजी ५ गुणांची वाढ, तो कठोर सरावाच्या जोडीने मिळालेला होता आणि झटक्याला किमान नऊ महिने उलटलेल्या रुग्णांत होता. त्याचा विचार आज करण्याचे कारण नाही. आज पाहण्यासारखी गोष्ट अगदी साधी आहे: उजव्या हाताची बोटे, थोडी का होईना, स्वतःहून सरळ होतात का आणि खांदा बाजूला किंचित तरी उचलला जातो का, हे पुढच्या भेटीत थेरपिस्टकडून तपासून घ्या आणि कागदावर तारखेसह लिहून ठेवा. बोटांत हालचाल सुरू झालेली असेल तर हाताच्या सरावाचे तास लगेच वाढवावे लागतील, आणि नसेल तर खांदा व मनगट आखडू न देता पायावर आणि बोलण्यावर अधिक वेळ द्यावा लागेल. मूळ अहवालातील गिळण्याच्या तपासणीची नोंद आणि सध्या चालू असलेल्या औषधांची यादी त्याच भेटीत सोबत न्या.